बांधाच्या मालिकेचे तेरा भाग

हे लिहिण्याचा मला काही अधिकार नाही आणि तरी लिहितो आहे, याबद्दल वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेले नाही. घरात लिहिणे म्हणजे रेशनकार्डाचा अर्ज आणि लग्नाच्या आमंत्रणाची यादी, त्यापलीकडे आमची मजल नव्हती. मला एकदा टीव्हीवरची मालिका सुचली आणि तिच्यापायी मी सहा महिने घालवले, एवढ्याने कोणी लेखक होत नाही. पण गावातली माणसे अजून विचारतात, त्या मालिकेचे नक्की झाले काय? मी त्यांना अर्धेच सांगून विषय बदलतो. तोंडाने नीट सांगता आले नाही ते कागदावर तरी सरळ सांगावे, म्हणून हा उद्योग.

आमचे गाव पेणच्या खारेपाटात, धरमतरच्या खाडीला लागून. वडखळ नाक्यावर उतरून तासभर चालावे लागते. भरतीच्या वेळी खाडीचे पाणी आमच्या शेतांपेक्षा वर असते, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. मधे मातीचा बांध आहे म्हणून आमचे भात पिकते. त्या बांधाला भगदाड पडले की आम्ही त्याला खांड म्हणतो. खांड पडली की गावात हाळी देतात आणि घरटी एक माणूस फावडे घेऊन निघतो. मग ओहोटीच्या चार-पाच तासांत रांग लावून चिखलाचे गोळे हातोहात पुढे द्यायचे आणि पाणी परत चढायच्या आत खांड बुजवायची. रांगेत शेजारी कोण आहे ते बघायचे नसते. आमच्याकडे दोन भाऊ दहा वर्षे एकमेकांशी बोलत नव्हते. ते एकमेकांच्या हातात चिखल द्यायचे आणि काम संपले की न बोलता आपापल्या घरी जायचे.

हीच माझी मालिका.

तेव्हा मी पेणच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होतो. गावात केबल नुकती आली होती. संध्याकाळी ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या ओटीवर आम्ही दाटीवाटीने बसायचो आणि मोठमोठ्या जिन्यांवरून दागिने घालून उतरणाऱ्या बायका बघायचो. एकदा मला वाटले, त्या जिन्यांपेक्षा आमचा बांध काय वाईट? वाटले ते वाटले. मी दोनशे पानी वही आणली आणि तेरा भाग लिहून काढले. कॉलेजातून घरी नेण्यासारखे मला तोवर काही मिळाले नव्हते. हे मिळाले, असे वाटले.

मालिका कुठे द्यायची असते हे मला ठाऊक नव्हते. चुलत बहिणीच्या लग्नाचे व्हिडिओ शूटिंग करायला रोह्याहून एक फोटो स्टुडिओवाले आले होते. मुंबईच्या एका निर्मात्याशी आपली ओळख आहे, असे ते जेवताना सांगत होते. मी त्यांना वाढपाच्या रांगेत धरले. ते म्हणाले, "ये रोह्याला."

गेलो. त्यांनी वही हातात घेतली, उघडली नाही, नुसती तोलून बघितली.

"एवढं कोण वाचणार? कन्सेप्ट सांग. एका ओळीत."

"एका ओळीत नाही होणार, सर."

"मग सिरियल कशी होणार?"

मी विचार करून म्हणालो, "एक गाव खाडीला अडवून धरतं."

"बरं. मग?"

"मग बांध फुटतो."

"मग?"

"मग परत बांधतात."

"आणि मग?"

"पुढच्या उधाणाला परत फुटतो."

"तेरा भाग हेच?" असे म्हणून त्यांनी चहा मागवला. चहा आला म्हणजे अजून आशा आहे, असे मी धरून चाललो. तेही खरे निघाले. मुंबईचे साहेब पुढच्या महिन्यात रोह्याला भाचीच्या लग्नाला येणार होते. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दहा मिनिटे ते माझे ऐकतील, असे ठरले. "वाचायचं नाही हां," स्टुडिओवाल्यांनी बजावले. "सांगायचं. साहेब वाचत नाहीत, ऐकतात."

माझा घोळ इथून सुरू झाला. मी घरी बाबांना सांगितले की रोह्याला मुंबईचे साहेब बांधाची गोष्ट ऐकणार आहेत. बाबांनी ते आबांना सांगितले. आबा म्हणजे बांधाचे कारभारी. खाडीकडे बघून पाणी कधी चढेल आणि किती चढेल ते सांगणारे. हाळी द्यायची की नाही हे तेच ठरवतात. आबांनी नुसती मान हलवली, असे बाबा म्हणाले. मला तेव्हाच समजायला हवे होते.

ठरल्या दिवशी मी सकाळच्या एसटीने एकटा रोह्याला पोचलो. वाटेत नागोठण्यापर्यंत मी खिडकीला तोंड लावून दहा मिनिटांचे भाषण पुटपुटत होतो. शेजारच्या माणसाने दोनदा वळून बघितले आणि मग जागा बदलली. स्टुडिओ पहिल्या मजल्यावर होता. साहेब आलेले होते. चाळिशीचे, शर्टाच्या गळ्याला गॉगल अडकवलेला, बोलणे अगदी सभ्य. मी खुर्चीच्या टोकावर बसलो आणि तोंड उघडणार, तेवढ्यात खाली टेम्पो थांबला आणि जिन्यावर पावले वाजू लागली. पावले थांबेनात.

आधी आबा आत आले. त्यांच्यामागे बाबा. त्यांच्यामागे एकेक करून अख्खा बांध. तीस माणसे, त्यांतल्या सात-आठ जणांच्या खांद्यावर फावडी.

"ही कोण मंडळी?" साहेबांनी विचारले.

आबांनीच उत्तर दिले. "आमी बांधाची मानसं. तुमी बांधाचा ऐकनार म्हनून आयलो. आमच्यात बांधाचा काय बी असला तरी घरटी एक मानूस येतो."

"पण मी फक्त लेखकाला बोलावलं होतं."

"यो एका घरचा झाला," आबा म्हणाले. "बाकीच्या घरांचा कोन सांगल?"

"अहो, फावडी तरी खाली ठेवा," स्टुडिओवाले कळवळून म्हणाले. "लाद्या फुटतील."

"बांधाच्या बोलावन्याला रिकाम्या हातानं जात नायत," मागून कोणी तरी म्हणाले. फावडी मात्र भिंतीला लागली. तळे आणि बदके रंगवलेला एक पडदा तिथे होता, नवरानवरीचे फोटो काढायचा. त्याच्यापुढे माणसे मांडी घालून बसली. साहेबांनी घड्याळ बघितले आणि मला म्हणाले, "कर सुरू."

मी सुरू केले. "आषाढातली अमावास्या. दुपारची भरती..."

"अमावास्येला नाय रं," आबा म्हणाले. "बीजेला. बीजेचा उधान मोठा असतो."

"बीज. आषाढातली बीज. दुपारची भरती..."

"एक मिनिट," साहेब आबांना म्हणाले, "तिथीनं काही फरक पडत नाही, आजोबा."

"फरक नाय पडत? मंग बांध फुटला कशानं?"

साहेबांनी मला पुढे चल अशी खूण केली. मी पुढे रेटले. आमच्या बांधावर पाणी सोडायचे एक लाकडी दार आहे, त्याला उघाडी म्हणतात. बांध घरोघर वाटून दिलेला आहे आणि वाटे त्या उघाडीपासून मोजतात. माझ्या पहिल्या भागात तिसऱ्या वाट्यात खांड पडत होती. मी ते बोललो मात्र, एक काका ताडकन उठले.

"तिसरा वाटा आमचा हाय. आमच्या वाट्यात कवा खांड पडली?"

"ही गोष्ट आहे काका. खरं नव्हे."

"खरा नाय, मंग आमचा वाटा कशाला घेतलास? तुज्या बापाच्या वाट्यात पाड!"

सगळे हसले. बाबाही हसले. म्हणाले, "पाड रं बाला, आपल्यात पाड. मिटव एकदाचा."

दहा मिनिटांतली सात गेली होती आणि मी अजून पहिल्या भागात होतो. शेवटी साहेबांनीच सूत्रे हातात घेतली. "हे सगळं छान आहे. पण हिरॉइन कुठाय?"

"नाही सर. बांधावर बायका येत नाहीत."

"मंग मी काय रं, बाप्या हाय?"

हा आवाज बदकांच्या पडद्याजवळून आला. तिथे काकी बसली होती. सगळे गाव तिला काकीच म्हणते. तिच्या घरात पुरुष माणूस उरला नव्हता. घरटी एक माणूस म्हटले की तीच यायची. कमरेला पदर खोचून, सगळ्यांच्या आधी. बाबा आजारी होते तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्या जागी बांधावर गेलो, तर रांगेत माझ्या शेजारी काकी होती. "गोला हातावर नको, पोटाशी धर," असे तिनेच मला शिकवले होते. आणि दोनशे पानांच्या वहीत मी तिच्यावर एक ओळ लिहिली नव्हती. मला सुचलीच नव्हती. त्या दिवशी झालेल्या सगळ्या फजितीत एवढी एकच गोष्ट मला मनापासून लागली.

साहेबांचे डोळे मात्र चमकले. "हे बघ, हे कॅरेक्टर! फक्त हिला तरुण करायला लागेल."

"करा बाबा, करा," काकी म्हणाली. "माज्यानं तर नाय झाला."

यावर साहेबही मोकळे हसले. त्यांनी मी लिहून आणलेला एका पानाचा सारांश घेतला, घडी करून खिशात ठेवला आणि उठता उठता विचारले, "शूटिंगला खरी खांड मिळेल का? सेट लावून ती मजा येणार नाही."

"मिलंल की," आबा म्हणाले. "आमच्याकडं खांडींचा तोटा नाय."

"काय बदल ते कळवतो," साहेब म्हणाले आणि गेले.

मी परतीला टेम्पोतच बसलो. त्या माणसांच्या दृष्टीने सगळे ठरले होते. मोठ्या माणसाने ऐकून घेतले, हसला, कागद खिशात ठेवला, म्हणजे झाले. आमच्या गावात होकार असाच देतात. मी दोनदा म्हणालो की अजून पक्के नाही. फावड्यांच्या खडखडाटात ते कोणाला ऐकू गेले नाही.

मग प्रश्न सुरू झाला. "कवा लागनार?" नाक्यावर, पाणवठ्यावर, देवळात. कॉलेजातून येताना पायवाटेवर समोरून कोणी येताना दिसले की मी मनातल्या मनात उत्तर तयार ठेवायचो. "बदल चाललेत," असे सांगायचो, आणि ते खोटे नव्हते. स्टुडिओवाल्यांचा निरोप नाक्यावरच्या टेलिफोन बूथवर यायचा आणि मी रोह्याला जायचो.

पहिला निरोप असा की गावात मिठागराचा श्रीमंत मालक पाहिजे, त्याचे मोठे घर पाहिजे. मी म्हणालो, आमच्याकडे असे घर नाही. ते म्हणाले, "तुमच्याकडे नसेल. मालिकेत पाहिजे." मी घर बांधले. घराला जिना दिला. पुढचा निरोप आला की पाण्यातले शूटिंग झेपणार नाही, गाव डोंगरात न्या. मी विचारले, डोंगरात बांध कशाचा? म्हणाले, "रस्ता घे. दरड पडते, लोक रस्ता मोकळा करतात. भावना तीच." मी गाव डोंगरात नेले. उधाणाच्या जागी दरड घातली आणि लिहिताना आबांचा चेहरा डोळ्यांपुढून जाईना. चौथ्या वेळी रस्ताही गेला. दोन भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते ते एकाच मुलीच्या प्रेमात पडले म्हणून, असे निघाले. मी एकदा धीर करून विचारले, "सर, हे साहेब सांगतात का?" स्टुडिओवाले कॅमेऱ्याची काच पुसत म्हणाले, "अरे, आता लोकांना हेच लागतं."

वार्षिक परीक्षा आली तेव्हा मी पाचवी प्रत लिहीत होतो. भाषेच्या पेपरात मला किती मिळाले ते सांगायची सोय नाही. काकी भेटली की विचारायची, "मी हाय ना रं त्यात?" मी हो म्हणायचो. होतीही. पाचव्या प्रतीत खाडी नव्हती, बांध नव्हता, चिखल नव्हता, तरी कमरेला पदर खोचलेली एक बाई मी कुठल्या ना कुठल्या दारात उभी करायचोच. स्टुडिओवाले दर वेळी तिच्यावर पेन्सिलने प्रश्नचिन्ह करायचे.

एवढ्यावर भागले असते तर माझा एकट्याचा वैताग म्हणून सोडून दिले असते. पण होळीनंतर बांधाची डागडुजी निघते. पावसाळ्याच्या उधाणाआधी गाव सगळे कच्चे वाटे भरून घेते. त्या वर्षी तिसऱ्या वाट्यात बांध खरोखरच खचला होता, खालून खेकड्यांनी पोखरला होता. आणि त्या काकांनी तिथे कोणाला हात लावू दिला नाही.

"शूटिंग हाय," ते म्हणाले. "साहेबांनी खरी खांड मागितली हाय. आता ही बुजवली तर त्यांना काय दावनार?"

रोह्याला जे माझ्या अंगावर धावून आले होते तेच हे काका. आता ते येणाऱ्याजाणाऱ्याला बांधावर नेऊन ती जागा दाखवत होते. कुठे कॅमेरा लागेल, कुठे माणसांची रांग लागेल, सगळे त्यांनी ठरवले होते. मी जाऊन सांगितले, "काका, अजून होकार आलेला नाही. बुजवा." ते म्हणाले, "तू गप. शिकलास म्हनून सगला तुलाच कलतं का?" मी बाबांना सांगितले. बाबा म्हणाले, "तू नाय म्हनून सांगशील तर बुजवू. नाय हाय का?"

नाही, असेही मला म्हणता येईना. होकार नव्हता तसा नकारही नव्हता. मी स्टुडिओवाल्यांना बूथवरून विचारले की सर, फक्त हो की नाही ते सांगा, गावाचा बांध अडकलाय. ते म्हणाले, "घाई करू नकोस. अशी कामं घाईनं होत नाहीत. सहावी प्रत जरा विनोदी करून बघ."

वैशाख संपत आला. वाऱ्याची दिशा बदलली. एका सकाळी आबा घरी आले आणि पायरीवरच बसले. पाणी दिले तर प्यायले नाहीत.

"बाला," ते म्हणाले, "तिसऱ्या वाट्याला मानसं लावायची तर आता चार दिस हायत. पुढं उधान चढल, मंग माती धरत नाय. तो ऐकत नाय माजा. तुजा ऐकल. हाय क नाय, ता उद्या सांग."

"सांगतो, आबा."

"आनि नाय आसला तरी सांग. लाजू नको."

मी त्याच दिवशी पेणला गेलो. इतके महिने मी साहेबांच्या ऑफिसला फोन केला नव्हता. ओळख स्टुडिओवाल्यांची, मधे आपण कसे बोलावे, असे मला वाटत होते. ही भीडही मूर्खपणाचीच होती. नंबर साहेबांच्या एका जुन्या कार्डावर छापलेला माझ्याकडे होता. एसटी स्टँडसमोरच्या बूथमध्ये घुसून दार लावून घेतले. आत उकडत होते. बाहेर हमरापूरहून आलेल्या टेम्पोतून पेंढ्यात बसवलेल्या पांढऱ्या, अजून रंग न दिलेल्या गणपतीच्या मूर्ती उतरत होत्या. तिसऱ्या वेळी फोन लागला.

एका बाईंनी उचलला. आवाज थकलेला होता, पण मायाळू. मी माझे गाव सांगितले, रोह्याचे सांगितले, खाडीच्या बांधाची मालिका सांगितली, आणि अडखळत विचारले, "मॅडम, पाचवी प्रत मिळाली का? तिचं काही ठरलं का? मला फक्त हो की नाही पाहिजे."

"पाचवी?" त्या म्हणाल्या. "थांबा हं." पाने उलटल्याचा आवाज आला. बराच वेळ येत राहिला. मी पुन्हा हॅलो म्हणणार होतो.

"इथे एकच कागद आहे. एका पानाचा. खाडी, गाव, चिखल... हाच ना?"

"हो. हाच."

"हा वाहिनीकडे गेला होता. त्यांनी नको म्हणून कळवलंय. त्या स्लॉटमध्ये त्यांनी स्वयंपाकाचा कार्यक्रम घेतला." त्या पुढे वाचू लागल्या. "रोह्याला त्याच आठवड्यात फोनवर सांगितलं, असं इथे लिहिलंय. तुम्हाला कोणी बोललं नाही का?"

"कधी, मॅडम? कुठल्या महिन्यात?"

"जानेवारीत. संक्रांतीच्या आधी."

स्टुडिओवाल्यांच्या पहिल्या निरोपावरून मी दुसरी प्रत लिहायला घेतली होती ती फेब्रुवारीत.